देवीदासमामांच्या बांधीत पाणी भरायला मनाई

माझे मामा देवीदास खोब्रागडे यांनी चौतीस वर्षं रायपूर स्टेशनवर गाड्यांच्या डब्यांत पाणी भरलं. गाडी थांबली की मामा पाइप लावायचे. टाकी भरून वरून पाणी सांडलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते माझ्या आईला त्यांच्या लग्नातही दिसलं नव्हतं म्हणे. अर्धवट भरलेलं काही त्यांना बघवतच नाही. गुढियारीच्या त्यांच्या घरी पाहुण्यानं पेल्यातला एक घोट घेतला की मामा तांब्या घेऊन हजर. पुन्हा एक घोट, पुन्हा हजर. त्यांच्याकडे पेला रिकामा करून उठलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

रायपूर राजधानी झालं, त्यानंतर चार वर्षांनी मामा रिटायर झाले आणि त्यांनी अभनपूरच्या रस्त्याला दोन एकर धानाची बांधी घेतली, बोअरसकट. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करत राहिले, म्हणून मामांना स्वतःची हवी होती. चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेली ती बांधी मामांच्या लेखी वरून उघडा असा एक मोठा डबाच होता. पहिल्या वर्षी त्यांनी तो रोज काठोकाठ भरला. धान उंच झालं, मग तुडतुडे आले, आणि दिवाळीच्या आत सगळं पीक जनरल डब्यातल्या प्रवाशांसारखं एकमेकांच्या अंगावर झोपलं.

दुसऱ्या वर्षी रोवणीआधी सरितामामींनी हुकूम काढला. "यंदा घरी वर्षभराचे तांदूळ आले पाहिजे. नाही आले, तर जमीन इकायची अन् घरी बसायचं. मायासमोर."

जमीन विकायचं एक वेळ मामांनी सोसलं असतं. घरी बसायच्या धाकानं मात्र त्यांची झोप उडाली.

शेजारची बांधी सत्यभामा साहूबाईंची. बाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांची जमीन कालव्याच्या अगदी शेवटाला, वरच्या सगळ्यांचं भागलं की उरलेलं पाणी तिथं पोचणार. त्या वर्षी ऑगस्टातच त्यांच्या बांधीला भेगा दिसायला लागल्या. मामांना दया आली. बाई दुपारी जेवायला घरी गेल्या की मामा मधला धुरा जरासा फोडून आपलं पाणी तिकडे सोडायचे. बाई येऊन बुजवायच्या. तिसऱ्या दिवशी बाई जेवायला गेल्याच नाहीत.

"का करत हस गा भैया?"

मामा फावड्यासकट उभे. "पाणी देऊन राहिलो, दीदी. तुमचं धान मरून राहिलं ना."

बाईंनी मामांच्या बांधीतलं एक रोप उपटलं, मग आपल्यातलं एक. मामांच्या रोपाची मुळं आखूड, काळी आणि कुबट. बाईंच्या रोपाची पांढरी, एखाद्या बुवाच्या दाढीएवढी लांब.

"तोर धान बइठे-बइठे पियत हे," बाई म्हणाल्या. "मोर धान खोजे बर खाल्हे जाथे."

बसल्या जागी मिळत असेल तर मूळ पाणी शोधायला खाली कशाला जाईल, हा मुद्दा मामांना लगेच पटला. त्यांचा मुलगा यशदीप तीन वर्षांपासून घरीच होता.

उपायही बाईंकडेच होता, त्यांनी तो बहिणीच्या गावी पाहिलेला. भोकं पाडलेला पाइपाचा तुकडा बांधीत गाडायचा आणि रोज आत डोकावायचं. पाणी जमिनीखाली वीतभर गेलं की मगच मोटर. पाइपाचं नाव निघाल्यावर मामांना धीर आला. आता मोटरकडे जाणारा हात आवरायचा होता, म्हणून ते दोन्ही हात पाठीशी बांधून धुऱ्यावरून फिरू लागले.

मामा आवरले, पण गाव कुठे आवरतं? वरच्या अंगाच्या हिरालाल वर्माला रेल्वेवाल्याच्या बांधीत भेगा दिसल्या आणि आता त्याला दया आली. मामा जेवत असताना त्यानं आपलं पाणी खाली सोडलं. मामांनी रेल्वेतली जुनी शिट्टी फुंकत धाव घेतली. दुसऱ्याच दिवशी बांधीत बोर्ड लागला: "इस खेत में पानी भरना सख्त मना है. आज्ञा से."

गावानं बोर्ड वाचून आपला निष्कर्ष काढला.

"स्टे लगा है क्या, भैया?" हिरालालनं हळूच विचारलं.

बातमी गुढियारीला मामांच्या आधी पोचली. "कोर्टात गेले अन् मले सांगतलं बी नाही?" म्हणून मामी ऑटोनं थेट बांधीवर आल्या. त्यांनी पाइपात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "याच्यात तर काहीच नाही." मामा अभिमानानं म्हणाले, "तेच तर!" मग हिरालालही डोकावला, मग त्याचा भाऊ, मग ज्यांची शेती नव्हती तेही. पंधरा दिवसांनी हिरालालच्या बांधीतही पाइप उभा होता, मामांच्यापेक्षा हातभर उंच.

सप्टेंबर संपता संपता धान पोटरीला आलं. लोंबी देठात तयार, बाहेर निघायची बाकी. बाई म्हणाल्या, "अब पानी भर दे, भैया."

"नाही जमत," मामा म्हणाले. "वीत नाही झाली अजून."

"अब बीता झन नाप." बाईंच्या लेखी वीत मोजायचे दिवस संपले होते.

"नियम म्हणजे नियम, दीदी. तुम्हीच सांगतला."

दोन दिवस मामा हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कालव्याचं पाणी एकदाचं बाईंच्या बांधीत पोचलं. मामा जेवणाचा डबा उघडून बसले होते, तेवढ्यात त्यांना दिसलं की बाई मधला धुरा फोडून आपल्या वाट्याचं पाणी त्यांच्याकडे सोडताहेत. शिट्टी वाजली.

"बोर्ड वाचा ना, दीदी!"

"मोला पढ़े बर नइ आवय." बाईंनी एक देठ मोडला, नखानं उभा चिरला आणि आतली कोवळी लोंबी मामांच्या हातावर ठेवली. "पेट मा हे. अइसन बेरा मा तोर बाई ला पियासी राखे रेहेस का?"

यशदीप पोटात असताना मामांनी मामींना इतकं पाणी पाजलं होतं, की शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर बसवलं होतं. मामांनी हातातली लोंबी पाहिली, शिट्टी खिशात टाकली, बाईंचा धुरा बुजवला आणि मोटर चालू केली. पाणी चढू लागलं तसा महिनाभर हरवलेला तो जुना चेहरा परत आला. पाणी धुऱ्याच्या काठाला लागलं तरी मामा जागचे हलेनात. शेवटी बाईंनीच मोटर बंद केली.

"बस गा भैया! ए डब्बा नोहे, खेत आय!"

धान उभं राहिलं, कापलं गेलं, भरडून गुढियारीला आलं. मामींनी तांदळाची टाकी भरायला घेतली. टाकी भरली, वरून तांदूळ सांडले, आणि मामा बाजूला उभे राहून ते सांडणं पाहत राहिले. जमीन विकायचा विषय मामींनी काढला नाही. जेवताना त्यांनी मामांच्या पेल्यात अर्धंच पाणी ओतलं आणि तांब्या आपल्याकडे ओढून घेतला.

"काहून, भरत काहून नाही?" मामा म्हणाले.

"वीतभर खाली जाऊ द्या," मामी म्हणाल्या, "मंग देते."