रस्त्याच्या मधून गेलेली हद्द

तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ चेन्नईत, अड्यारला, आमच्या समोरच्याच घरात राहत. मध्ये फक्त रस्ता. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. बायको गेल्यापासून ते जेवायला आमच्याकडेच येत. जेवताना दोघा भावांचं राजकारणावरून भांडण व्हायचं. इथे दोन द्रविड पक्ष आलटून पालटून राज्य करतात. अण्णा एकाचे, तुमचे आजोबा दुसऱ्याचे. मी पुण्याहून लग्न होऊन या तंजावरी घरात आले तेव्हा त्यांच्या जुन्या मराठीतले निम्मे शब्द मला कळत नव्हते, पण भांडण कशावरून चाललंय ते मात्र कळायचं.

आमचा विधानसभेचा मतदारसंघ चांगला मोठा होता. समुद्राकडचं कोळ्यांचं कुप्पम, सरकारी क्वार्टर्स, झाडीतले जुने बंगले, नदीकाठच्या झोपड्या, आणि मध्ये आमच्यासारखे बँकेतले नि रेल्वेतले पगारदार. अण्णा म्हणायचे, इथे कोण निवडून येणार ते बंगल्यांत ठरत नाही, कुप्पममध्ये ठरतं. ते खरंच होतं. त्सुनामी आली तेव्हा कुप्पममधली कुटुंबं कोपऱ्यावरच्या शाळेत राहिली होती. पुढच्या निवडणुकीत त्याच वर्गांमध्ये मतदान झालं. रांगेत माझ्या पुढे उभी असलेली मासेवाली एका फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्याखाली आम्ही झोपायचो."

दोघा भावांचा एक करार होता. मतदानाला बरोबर जायचं, मत देईपर्यंत कॉफी घ्यायची नाही, आणि एकाला जाता आलं नाही तर दुसऱ्यानेही जायचं नाही.

"अण्णा, आधी तुम्ही जा. तुमचं मत मी मागून खोडतो."

"अरे जा रे. फुकटच्या आश्वासनांना भुललेला तू, काय खोडणार?"

एवढं बोलून दोघं पांढऱ्या वेष्टीत, इकडच्या धोतरात, शाळेकडे निघायचे. परत आले की मी दोन टंबलर कॉफी समोर ठेवायची. मग निकालापर्यंत राजकारण बंद.

हा करार चेष्टेचा आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. २००६ साली तुमच्या आजोबांचा पाय प्लास्टरमध्ये होता. मतदानाच्या सकाळी अण्णा नेहमीसारखे तयार होऊन आले, खाटेजवळ खुर्ची ओढली आणि संध्याकाळी मतदान संपेपर्यंत तिथेच बसले. आजोबा दोनदा म्हणाले, "जा हो तुम्ही." अण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. कॉफीही घेतली नाही.

त्यानंतर मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या. २००९ च्या लोकसभेच्या आधी घरोघर मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या, तेव्हा आम्हाला कळलं की हद्द आमच्याच रस्त्याच्या मधून गेली आहे. अण्णांची बाजू जुन्या मतदारसंघात राहिली, आमची नव्यात गेली. बूथही वेगळी झाली. आमचं कोपऱ्यावरच्या शाळेतच, अण्णांचं पलीकडच्या कॉर्पोरेशन शाळेत.

तोवर अण्णांचं हृदय थकलं होतं. रस्ता ओलांडून जेवायला येतानासुद्धा त्यांना फाटकाला धरून थांबावं लागे. डॉक्टरांनी बाहेर पडायला मनाई केली होती. मतदानाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासाठी रसम-भात घेऊन गेले, आजोबाही बरोबर आले. अण्णांनी स्वतःहूनच विषय काढला.

"करार एका मतदारसंघातला होता. आता मतदारसंघ मोडला, करारही मोडला. उद्या तू जा."

"मोडला तो विधानसभेचा, अण्णा. लोकसभेला दोघं अजून एकाच मतदारसंघात आहोत. उगाच वकिली करू नका."

अण्णा पकडले गेले होते. ते हसले, त्यानेही त्यांना धाप लागली.

"म्हणजे मी नाही गेलो तर तूही जाणार नाहीस."

"नाही."

"मग मला न्यायलाच हवं."

मी डॉक्टरांचं सांगून पाहिलं. अण्णा मला एवढंच म्हणाले, "मागच्या वेळी याच्या पायामुळे माझं मत गेलं, ते चाललं. आता माझ्यामुळे याचं जायला नको."

सकाळी आम्ही ऑटो बोलावली. आधी अण्णांचं बूथ. फाटकावरच्या पोलिसाने तुमच्या आजोबांना अडवलं, त्यांचं मत इथे नव्हतं. तोच पोलीस अण्णांना दंडाला धरून आत घेऊन गेला. आजोबा बाहेर उन्हात उभे राहिले. अण्णांना एकट्याला मतदानाला आत जाताना ते पहिल्यांदाच पाहत होते. अण्णा दाराआड गेले तरी ते तिकडेच बघत राहिले.

अण्णा बाहेर आले आणि त्यांनी शाईचं बोट आजोबांपुढे धरलं. "झालं. आता जा, खोडून ये."

मी म्हटलं, आम्ही तुम्हाला आधी घरी सोडतो. त्यांनी ऐकलं नाही. आमच्या शाळेबाहेर, कडुलिंबाखाली, ते ऑटोतच बसून राहिले. आम्ही मत देऊन आलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. चाहूल लागताच ते म्हणाले, "दिलंस ना त्या चोरांनाच?"

"तुमच्या चोरांना कसा देईन?"

घरी मी दोन टंबलर कॉफी ठेवली. अण्णांनी त्यांची सगळी संपवली.

मतमोजणीच्या आधीच ते गेले. झोपेतच गेले.

मोजणीच्या दिवशी आम्ही सुतकात होतो, टीव्ही बंद होता. दुपारी रस्त्यावर फटाके वाजायला लागले. आमच्या बाजूला की समोरच्या, ते आतून कळत नव्हतं. मी खिडकी लावायला उठले, तर आजोबा म्हणाले, "राहू दे."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "अण्णांचं मत मोजून झालं असेल आता."

"हो," मी म्हटलं. "आणि तुमचंही."

त्यांनी मान हलवली. कोण निवडून आलं ते त्यांनी त्या दिवशी कोणाला विचारलं नाही. मीही विचारलं नाही.