देवाशी भांडणारे साळवेकाका

साळवेकाका रोज सकाळी दाढी करताना देवाशी भांडत. कारखान्याच्या वसाहतीत त्यांची आणि आमची क्वार्टर एकमेकींना लागून होती. मागच्या व्हरांड्यात खिळ्याला आरसा टांगायचा, गालाला साबण फासायचा आणि सुरुवात करायची. "बापा, कालही हेच विचारलं होतं मी. ऐकून राहिला का तू? काहून उत्तर नाही देत?" आवाज कधी चढलेला नसे. एकाच कामासाठी कचेरीत रोज खेटे घालणाऱ्या माणसाचा असतो तसा चिवट आणि सभ्य आवाज. मधेच वस्तरा थांबे. ते क्षणभर वाट पाहत आणि मग दुसऱ्या गालाकडे वळत.

वडिलांची नेमणूक जबलपूरच्या कारखान्यात झाली आणि आम्ही नागपूरहून इथे आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी आईने हे ऐकलं आणि ती हादरली. शेजारच्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला असावा असं तिला वाटलं. तिने मेरीकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हळूच विचारलं. उत्तर मात्र भिंतीपलीकडून काकांनीच दिलं. "वहिनी, घाबरू नका. मी दुसऱ्या कोणाशी भांडतच नाही. घरात विचारून पाहा. जे काय असेल ते तिकडंच काढून टाकतो." मेरीकाकू हसल्या आणि म्हणाल्या, "खरं आहे ते. मला आजवर एक शब्द उलटून नाही बोलले."

त्यांची तक्रार काय होती ते आम्हाला हळूहळू कळत गेलं. दानियल साळवे अमरावतीकडून जबलपूरला आले होते ते धर्मशास्त्र शिकायला. त्यांना पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचं होतं. लहानपणापासून दुसरी कुठली इच्छाच नव्हती. शिक्षण अर्ध्यावर असताना वडील वारले, मागच्या भावंडांचा भार अंगावर पडला आणि काका कारखान्यात लागले. हे थोड्या दिवसांपुरतं आहे असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. भावंडं मोठी झाली, लग्नं झाली, काका तोफगोळ्यांच्या कवचांना लेथवर आकार देत राहिले. चर्चमध्ये पाळकाची जागा रिकामी व्हायची, काका पुन्हा विचारून यायचे आणि प्रत्येक वेळी शिक्षण पूर्ण असलेला कोणीतरी तरुण बाहेरून यायचा. नव्या पाळकाचं सामान उतरवायला स्टेशनवर सगळ्यात आधी काकाच हजर असत.

"शांतीचा निरोप सांगायला निघालो होतो," ते एकदा माझ्या वडिलांना म्हणाले, "आणि दिवसभर गोळे बनवून राहिलो. भाऊसाहेब, यात काही तरी अर्थ असेल, तर तो मला सांगायला त्याला काय होतं? रागावणार नाही मी. फक्त सांगावं."

वडिलांनी विचारलं, "उत्तरच येत नाही, तर विचारता कशाला रोज?"

 काका म्हणाले, "विचारणं सोडलं तर तिकडं कोणी नाही असं होईल ना."

एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होते. कारखाना दिवसरात्र चालायचा. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद डकवले होते. वडील आणि काका घरी फक्त झोपायला येत. काकांचा एकुलता मुलगा मनोहर सैन्यात होता, पश्चिमेच्या सीमेवर. मनोहर मोठा गप्पिष्ट. सुटीवर आला की दोन्ही घरांतल्या चहाची पातेली रिकामी होईस्तोवर बोलायचा. लढाई थांबली, शहरात बड्या फुहाऱ्याच्या चौकात लोकांनी पेढे वाटले, आणि नंतर काही दिवसांनी काकांकडे तार आली. मनोहर बेपत्ता होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे नकळत मागच्या बाजूला कान लावून होतो. आरसा टांगल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आला. मग वस्तऱ्याची खरखर, आणि एवढंच. काका दाढी करून आत निघून गेले. तिसऱ्या दिवशीही तसंच. ज्या बोलण्याने आई पहिल्या दिवशी घाबरली होती ते बंद झालं म्हणून ती आता ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसू लागली.

चर्चची मंडळी भेटायला यायची. प्रत्येक जण शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एखादं वचन घेऊन यायचा. देव सगळं चांगल्यासाठीच करतो, विश्वास ढळू देऊ नका, प्रत्येक गोष्टीसाठी आभार माना. काका हात जोडून ऐकत, दारापर्यंत पोचवायला जात. मेरीकाकू एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "सुमन," त्या मला म्हणाल्या, "ते माझ्याशी बोलतात, भाजी काय आणू विचारतात. पण जेवताना प्रार्थना नाही करत. मी करते, ते ताटाकडे पाहत राहतात. मला मनोहरची भीती आहेच, पण आता यांचीही वाटून राहिली."

अशात पाळकसाहेब टायफॉइडने अंथरुणाला खिळले. आमच्या भागातल्या त्या छोट्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा मराठी उपासना व्हायची, आणि तो रविवार तोंडावर आला होता. पाळकसाहेबांनी निरोप धाडला की या वेळची उपासना साळवेंनी चालवावी. आयुष्यभर ज्या जागेची वाट पाहिली ती अशी समोर आली. काकांनी साफ नाही म्हटलं. "मला सांगायला काही उरलं नाही," ते म्हणाले. पाळकसाहेबांनी पुन्हा निरोप पाठवला की सांगायला काही नसेल तर नुसतं वाचा.

त्या रविवारी मेरीकाकूंना एकटं वाटू नये म्हणून आई आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. आम्ही पहिल्यांदाच चर्चमध्ये पाऊल टाकत होतो. मागच्या बाकावर बसलो. काका कारखान्यात जायचा तोच कोट घालून पुढे उभे राहिले. त्यांनी शास्त्र उघडलं आणि एक स्तोत्र वाचलं. सगळ्यांनी टाकून दिलेल्या, रोज हाक मारूनही उत्तर न मिळालेल्या कुणा माणसाचा तो विलाप होता. बाकीच्या विलापांत शेवटी कुठेतरी उजेड येतो, असं मेरीकाकूंनी मला नंतर सांगितलं. यात येत नाही. ते अंधारातच संपतं. काकांनी शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं.

"हे इथंच संपतं," ते म्हणाले. "पुढं मी माझ्या पदरचं काही जोडणार नाही."

लोक वाट पाहत होते. काका मान वर करून छताकडे पाहू लागले, आणि तोच आमच्या भिंतीपलीकडचा आवाज आला. "बापा, पाळक होऊ दिलं नाही, ते सोडलं मी. पण मनोहर कुठं आहे? जिवंत असेल तर सांग, नसेल तर तेही सांग. मी गोळे बनवून राहिलो, तिकडंही कोणी बाप गोळे बनवून राहिला असेल. तू कोणाचं ऐकून राहिला? माझ्याशी असा गप्प नको राहू."

पुढच्या बाकावर डेव्हिडसाहेब बसले होते. चर्चमधले वडीलधारे, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते उठून उभे राहिले. "साळवे, हे देवाचं घर आहे. इथं असं बोलू नये."

"साहेब," काका शांतपणे म्हणाले, "मी वाचलं ते याच पुस्तकातलं आहे ना? कोणीतरी असं बोलला होता, आणि ते काढून नाही टाकलं कोणी. ठेवलं. मग मी कुठं बोलू?"

डेव्हिडसाहेब उभेच राहिले. तेवढ्यात मधल्या बाकावरून एक म्हातारी उठली. रोझीबाई, नर्सचं काम करायच्या. त्यांची मुलगी फार वर्षांपूर्वी तापाने गेली होती. त्यांनी काकांकडे पाहिलंही नाही. समोर बघत म्हणाल्या, "माझी लिली काहून नेली, हे मी कधी विचारलं नाही. पाप लागेल वाटायचं. आज विचारते." आणि बसल्या. मग आणखी एक जण उठला, मग एक तरुण बाई. कुणी दोन वाक्यं बोललं, कुणी नुसतंच उभं राहून रडलं. डेव्हिडसाहेब हळूच खाली बसले आणि त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. माझी आई, जिला त्या देवाची काही माहिती नव्हती, मेरीकाकूंचा हात धरून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. माझा धाकटा भाऊ जन्मतःच गेला होता. त्याच्याबद्दल ती घरात कधीही बोलली नव्हती.

बाहेर पडलो तेव्हा ऊन छान पडलं होतं. कुणाच्याच प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं, तरी माणसं फाटकापाशी रेंगाळत होती, एकमेकांना घरी बोलावत होती. काकांना भूक लागली होती. घरी येऊन ते पोटभर जेवले. आणि सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "हं, बापा, काल अर्धंच राहिलं." वडिलांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "चलो," ते आईला म्हणाले, "बोलून राहिले."

मनोहर जिवंत आहे, सीमेपलीकडे कैदेत आहे, हे कळायला उन्हाळा उजाडला. तो परत यायला आणखी बरेच महिने गेले. स्टेशनवर तो गाडीतून लंगडत उतरला. काकांनी त्याचे दोन्ही खांदे चाचपून पाहिले आणि विचारलं, "जेवला का?" 

चर्चमध्ये आभारप्रार्थना ठरली. डेव्हिडसाहेब स्वतः सांगायला आले, की देवाने आपली प्रार्थना ऐकली याची साक्ष साळवेंनी द्यावी. काका म्हणाले, "आभार मानतो, साहेब. रोज मानून राहिलो. पण ऐकली असं उभं राहून कसं म्हणू? बिहारीनंही मागितलंच होतं ना."

बिहारीभैया दोन्ही घरांना दूध घालायचा. जवळच्या पनागर गावाहून सायकलवर यायचा. त्याचा मुलगा रामदास त्याच लढाईत मारला गेला होता. तेव्हापासून दुसराच कोणी दूध आणत होता.

आभारप्रार्थनेच्या आधी काका मनोहरला घेऊन पनागरला निघाले. मेरीकाकू आणि मीही बसमध्ये चढलो. काका वाटभर अस्वस्थ होते. आपला जिवंत मुलगा घेऊन त्या दारात जावं की जाऊ नये, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. बिहारी अंगणात खाटेवर बसला होता. मनोहरला पाहून उठला. काका त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बिहारी भैया, मेरे पास कहने को कुछ नहीं है."

"अच्छा है, बाबूजी," बिहारी म्हणाला. "जो आता है, समझाकर जाता है." त्याने मनोहरचा हात धरून त्याला खाटेवर आपल्याशेजारी बसवलं. "तू बता बेटा. वहाँ कैसा था? रामदास तो बता नहीं पाया."

मनोहरने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग बोलू लागला. खंदकातली थंडी, चहाऐवजी मिळणारं कोमट पाणी, पलीकडच्या एका पहारेकऱ्याने चोरून दिलेली बिडी, ती ओढताना सगळ्यांना आलेला खोकला. तो बोलत गेला, आणि कुठल्याशा गोष्टीवर बिहारी हसला. दबलेलं हसू, पण हसला. ते ऐकून त्याची बायको आतून बाहेर आली. दारात जरा थांबली, मग मेरीकाकूंजवळ येऊन जमिनीवर बसली आणि मनोहरला म्हणाली, "फिर?"

काका अंगणाच्या कडेला उकिडवे बसून होते. मुलगा बोलत होता, आणि ते सगळ्यांबरोबर ऐकत होते.