असत्याल

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, कॉलेजच्या लॅबमध्ये होते. आई एवढंच म्हणाली, "कुंडलला निघायचंय." मी कारण विचारलं नाही. विचारेपर्यंत ते खरं नव्हतं...

मामा कुंडलला बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचे. घरात मात्र ते कधी सापडायचे नाहीत. कुणी विचारलं की मामी जागेवरून न उठता म्हणायची, "असत्याल मागं, न्हाईतर मळ्यात." माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे 'असत्याल' म्हणजे 'असतील' हे कळायला तो शब्द मला दोनदा ऐकावा लागला होता. अकरावीच्या सुट्टीत मी अणूचं चित्र काढलं. मधे केंद्रक, भोवती गोल रेघा, रेघांवर इलेक्ट्रॉन. मामा हसले. "इलेक्ट्रॉन म्हंजे घाण्याचा बैल न्हवं पोरी, ठरल्या वाटेनं फिरायला." त्यांनी मामीचा रांगोळीचा डबा घेतला आणि उंबऱ्याशी ठिपके सोडत गेले, मधे दाट, कडेला विरळ. मी विचारलं, "इतके इलेक्ट्रॉन?"

"एकच हाय. कुठं घावंल त्याच्या ह्या खुणा. बघंपतूर तो अमक्या जागी हाय असं म्हणता येत न्हाई. तुझी मामी म्हणती तसं... असंल."

"आवं, उंबऱ्यात काय सांडलंय ते!" मामी ओरडली.

"हायड्रोजन हाय, लोटू नगंस!"

फोननंतर मी कुंडलला पोचले, तेव्हा मामा गेले त्या खोलीत दिव्याजवळ पीठ पसरून वर वेताची पाटी पालथी घातली होती. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, त्याची खूण पिठात उमटते म्हणतात. सकाळी पाटी उचलली. बारीक ठिपके होते... मधे दाट, कडेला विरळ. कुणी म्हणालं चिमणी, कुणी म्हणालं मुंगी. मामी माझ्याकडे वळली. "तू सायन्सची. तू सांग, कुठं गेलं?" तिला उत्तर हवं होतं. मी म्हणाले, "खुणा आहेत, मामी. कुठे ते नाही सांगता येत."



गेल्या आठवड्यात मी पुन्हा कुंडलला होते. दुपारी दारात कुणीतरी हाक मारली, "सर हायत का?" मामी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असत्याल की मागं."

मग तिचे हात थांबले. माणूस वाट बघून निघून गेला. मागचं दार उघडंच होतं. आम्ही दोघींनीही उठून बघितलं नाही.