भिंतीवरचा इंग्रजी शब्द

उमेदवार या शब्दात उमेद ज्या कुणी घातली, त्याला आमच्या भागातल्या एखाद्या कचेरीत तीन वर्षं बिनपगारी बसवायला हवं होतं. मी बसलो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती तीन वर्षं. सरकारी नोकरी पाहिजे असेल तर आधी कचेरीत येऊन फुकट राबायचं, वरच्यांच्या नजरेत राहायचं आणि जागा निघाली की बेळगावहून मुलाखतीचं बोलावणं येईल म्हणून वाट बघायची, अशी तेव्हा रीत होती. असं फुकट राबणाऱ्याला उमेदवार म्हणत. कचेरी कुठली ते मी सांगत नाही. तिथली माणसं केव्हाच गेली, आता त्यांच्याशी भांडून काय करू?

आमचं गाव बोरगावच्या अलीकडं. मी पहिलीत असताना वडील गेले. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा पाचवीत होता. दोघांतल्या एकानंच शिकायचं तर धाकट्यानं शिकावं, असं त्यानंच ठरवलं आणि पाटी माझ्या हातात देऊन तो शेतात गेला. एका जैन सावकाराची जमीन आम्ही वाट्यानं करत होतो. तंबाखूचं पीक. अण्णाच्या हाताला तंबाखूचा चीक बसलेला असायचा, तो कितीही घासला तरी निघत नसे. पुढं मी कचेरीत असताना त्या हातांनी तो बाजाराच्या दिवशी तालुक्याला येऊन माझ्या आठवड्याच्या भाकऱ्या देऊन जायचा. आपल्या घरात एक कारकून व्हावा, एवढीच त्याची हौस. मी मराठी सातवीची फायनल पास झालो, सात-आठ वर्षं शेतात काढली आणि मग कचेरीत उमेदवार म्हणून बसलो. पंचविशी उलटली की सरकारी नोकरीचं दार बंद व्हायचं. ते दार बंद व्हायच्या आत आपण आत शिरायचं, हे माझ्या डोक्यात रात्रंदिवस असे.

माझ्याकडं पुंजी म्हणाल तर अक्षर. अव्वल कारकुनांना आम्ही रावसाहेब म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी एक नक्कल उजेडाकडं धरून बघितली आणि विचारलं, "इंग्रजी येतं?"

"न्हाय, रावसाहेब. छापील अक्षरं तेवढी ओळखतो."

"लपेटीचं, हातानं जोडून लिहिलेलं वाचता येत नाही?"

"न्हाय."

माझी लायकी कळली, आता हे घरी पाठवणार, असं मला वाटलं. पण ते खूश झालेले दिसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला इंग्रजी कागद उतरवायला दिला. मसुदा त्यांच्या गिचमिड हातचा. मी तो बघून बघून, एकेक वळण मोजून, माशीला माशी उतरवला. तेव्हापासून बेळगावला जाणारे सगळे गुप्त कागद माझ्याकडं येऊ लागले. इंग्रजी जाणणारे दोन कारकून समोर बसलेले असताना कागद माझ्याकडं! मी ते अण्णाला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "इस्वास हाय तुझ्यावर," तो म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं. मूर्खपणालाही काही हद्द असते, पण ती मला तेव्हा दिसली नाही.

त्या कचेरीत माझ्याबरोबर नंदगडकडचा एक उमेदवार होता. चिंचेखाली बसून आम्ही एकत्र भाकरी खायचो. माणूस हिशेबात पक्का आणि कानडीही छान बोलायचा. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्याला बेळगावला बोलावणं आलं. तो गेला आणि चार दिवसांनी पडलेल्या तोंडानं परत आला. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, कागद बघितला आणि जा म्हणाले, एवढंच त्याला कळलं होतं. चिंचेखाली तो माझ्याजवळ बसून रडला.

"माझ्याबद्दल काय लिवलं असंल रं रावसाहेबांनी? तूच उतरवून काढतोस की समदं."

"उतरवतोय. पर कळतंय कुठं मला?"

"एखादा शब्द तरी?"

"एक बी न्हाय, शप्पत."

ते खरंच होतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, बिऱ्हाड उचललं आणि गावी निघून गेला. मला त्याची कीव आली आणि मनातल्या मनात थोडं बरंही वाटलं, कारण आता पुढचा नंबर माझा होता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

त्या कागदांमधला एक शब्द मला फार आवडायचा. पाच अक्षरांचा. पहिलं अक्षर मोठं, तोंड उघडं ठेवलेल्या गाडग्यासारखं, मधल्या एका अक्षराला वर-खाली झोकदार लपेट, आणि शेवटच्यावर आडवी रेघ. रावसाहेब स्वतः एकदा म्हणाले होते, "हा शब्द तुझ्या हातचा छान येतो हां." त्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा वैनीनं भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या होत्या. पट्ट्यासाठी तांबडी काव कालवलेली होती. मला राहवलं नाही. बोरू घेऊन सोप्याच्या भिंतीवर, दारातून आत येणाऱ्याला समोरच दिसेल असा, तो शब्द मी वीतभर मोठा काढला.

अण्णा बैलांना पाणी दाखवून आला आणि बघतच राहिला. "इंग्रजी हाय व्हय? काय लिवलंस?"

तीन वर्षं कचेरीत बसून मला एका शब्दाचा अर्थ सांगता येईना. लाज वाटली. मी म्हणालो, "माझं नाव."

माघात माझं बोलावणं आलं, फाल्गुनाच्या अखेरीचं. चैत्रात मला पंचवीस पुरी होणार होती, तेव्हा हे शेवटचंच. बाजारातल्या अर्ज लिहिणाऱ्याकडून मी इंग्रजीत अर्ज करून घेतला होता आणि स्वतःच्या हातानं तो सुवाच्य उतरवून पाठवला होता. अण्णानं सावकाराकडून एक काळा कोट मागून आणला. बाह्या बोटांवर येत होत्या. वैनीनं त्या आतून दुमडून टाके घातले. निपाणीहून मी सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलो.

साहेबांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात आम्ही सात-आठ जण सकाळपासून उभे होतो. बाकावर बसायची मुभा नव्हती, तो भेटीला येणाऱ्यांसाठी होता. दुपार टळली तरी कुणी पाणी विचारलं नाही. पट्टेवाला मधूनच बाहेर येऊन आम्हाला भिंतीला चिकटून उभं राहायला सांगायचा. एकेक जण आत जायचा आणि पान खाऊन थुंकायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर यायचा. माझं नाव पुकारलं तेव्हा घसा इतका कोरडा पडला होता की पहिला नमस्कार आवाजाविनाच झाला.

साहेब गोरे नव्हते, आपल्यातलेच होते, पण मराठी पुस्तकी बोलत. त्यांच्या बाजूला एक कारकून बसला होता. साहेबांनी माझा अर्ज हातात घेतला.

"हे कोणी लिहिलं?"

"म्या... मीच, साहेब."

त्यांनी दुसरा एक कागद काढून अर्जाशेजारी ठेवला. मी तो लांबूनच ओळखला. पंधरा दिवसांपूर्वी मीच उतरवलेला. आमच्या कचेरीतले उमेदवार, आणि प्रत्येकाच्या क्रमांकापुढं शेरा. नावांची यादी वेगळी होती, ती रावसाहेबांनी स्वतः लिहून वर टाचली होती.

"आणि हे?"

माझी छाती फुगली. कोटात मावेना. "त्ये बी माझंच, साहेब. तीन वर्सं तिथलं समदं इंग्रजी माझ्याच हातचं हाय."

साहेबांनी चष्मा काढला. "वाचून दाखव बघू."

मी कागदाकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"वाचता येत नाही?"

"उतरवायला येतंय, साहेब."

त्यांनी माझ्या त्या आवडत्या शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द आहे अनफिट. समजलं?"

आमच्याकडं फिट म्हणजे फेफरं. मी घाबरून दोन्ही हात हलवले. "न्हाय, न्हाय साहेब. मला फिट येत न्हाय. आमच्या घरात कुणालाच न्हाय."

कारकुनानं तोंडावर हात धरला, तरी त्याचे खांदे हलत होते. साहेब हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं मला सांगितलं पाहिजे. ते सावकाश एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. उमेदवार क्रमांक दोन. इंग्रजी समजत नाही. नकला काढण्यास फार उपयोगी. आहे तिथेच राहू द्यावा. नेमणुकीस नालायक.

"क्रमांक दोन म्हणजे तू," ते म्हणाले.

तरी माझं तोंड चालूच होतं. "शिकीन मी इंग्रजी. साहेब, सा म्हयन्यात शिकीन."

"वय?"

"चैतात पंचवीस पुरी."

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि घंटी वाजवली. पट्टेवाला आला. माझ्या पाठीमागच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

परतीच्या मोटारीत मला रडू आलं नाही, राग आला. रावसाहेबांचा तर आलाच. आयता मिळालेला फुकटा नकलदार त्यांनी हातचा जाऊ दिला नाही, आणि माझ्या गळ्याची दोरी माझ्याच हातानं वळून घेतली. पण त्याहून जास्त माझाच आला. हत्तरगीच्या पुढं आल्यावर एकदम आठवलं. नंदगडवाल्याच्या वेळचा कागद. क्रमांक एक, आणि त्याच्यापुढं तेच उघड्या तोंडाचं अक्षर, तीच लपेट. त्या दिवशी बोरू नवा होता आणि शब्द इतका सुरेख उतरला होता की शाई वाळेपर्यंत मी बघत बसलो होतो. नंतर त्याच्या गावच्या पत्त्यावर मी चार-पाचदा पत्र लिहायला बसलो. पहिली ओळ झाली की माझंच अक्षर मला बघवेना. एकही पत्र टाकलं नाही.

रात्र निपाणीत काढून सकाळी घरी पोचलो. पाडवा तोंडावर आला होता, वैनी भिंती सारवत होती. अण्णा उंबऱ्यातच बसून होता.

"बघितलं व्हय रं सायबानं तुझं अक्षर?"

"बघितलं."

"काय म्हनला?"

"दोन कागद शेजारी ठिवून बघितलं. माझं अक्षर वळकलं त्यांनी."

"बघ! म्या काय म्हनत हुतो?" त्यानं वैनीकडं बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "आन् नोकरी?"

"वय बसंना."

तो चिकानं काळी पडलेली बोटं एकमेकांवर घासत राहिला. मी कोट काढून खुंटीला लावला. वैनीच्या हातातलं पोतेरं त्या शब्दापाशी येऊन थांबलं होतं.

"त्ये बी सारवा, वैनी," मी म्हणालो.

"हात लावायचा न्हाय!" अण्णा एवढ्यानं ओरडला की वैनी दचकली. माझ्यावर तो जन्मात ओरडला नव्हता. मग हळू म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तीन वर्सांत तेवढंच तर घरात आलंय."

सांगायला तोंड उघडलं होतं. त्याच्या हातांकडं बघितलं आणि मिटलं. वैनीनं शब्दाच्या कडेकडेनं सारवलं. भोवतीची माती पांढरी झाल्यावर तो आधीपेक्षा ठळक दिसू लागला.

कचेरीत मी परत गेलो नाही. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत पोत्यांवर ब्रशानं खुणा घालायचं काम धरलं आणि त्यातच आयुष्य गेलं. इंग्रजी पुढं जमेल तसं शिकलो. दर दिवाळीला, दर पाडव्याला वैनी त्या शब्दाच्या कडेनं सारवत राहिली. घरी पाव्हणा आला, सोयरिकीची माणसं आली, की अण्णा त्यांना भिंतीपुढं उभं करून बोट दाखवायचा.

"आमच्या धाकट्याचं नाव हाय ह्ये. इंग्रजीत."

पाव्हणे माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवून हो म्हणायचो.