शिसवी पोळपाट

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात नीट उचलत नव्हता. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. सहा महिन्यांनी एका सकाळी त्यांनी डाव्या हाताने रंधा धरला, उजवा नुसता वर टेकवला आणि समोर शिसवी फळी घेतली. शिसवाचं लाकूड काळपट, जड आणि इतकं कठीण की पात्याची धार लवकर जाते. त्याच्या रेषा मध्येच दिशा बदलतात, आणि तिथे रंधा अडकतो.

"बाबा, आधी सागवान घ्या. हाताला सोपं जाईल," मी म्हणाले.

"सोपं जाईल म्हणूनच नको."

रंधा अडकला की ते जोर करत नसत. फळी फिरवून दुसऱ्या बाजूने येत, पातं घासत, पुन्हा सुरू करत. जिद्द म्हणजे जोर, असं मला तोवर वाटायचं. तिला इतका धीर लागतो हे तेव्हा कळलं.

तीन आठवड्यांनी पोळपाट झाला. आईने ओट्यावर ठेवला, तर किंचित डगमगला.

"मला चालेल हो," म्हणत तिने कणकेचा गोळा घेतला.

बाबांनी तिच्यासमोरून पोळपाट उचलला आणि पुन्हा रंध्यापाशी जाऊन बसले.