शुद्ध शाकाहारी खानावळीतला पट्टकृमी

"मॅडम, हे डुक्कर तेवढं कागदावरून काढा," असं म्हणत दत्तरावांनी डिस्चार्ज कार्ड माझ्या टेबलावर आपटलं.

मी जालन्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये मेडिकल कोडर आहे. पेशंट घरी गेला की त्याची फाइल माझ्याकडे येते. प्रत्येक आजाराला जगभर चालणारा एक ठरलेला कोड असतो. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचून तो लावायचा, एवढंच माझं काम. डुकरं हाकलणं त्यात बसत नाही. पण माणूस चांगलाच तापला होता, म्हणून आधी खुर्ची दिली.

त्यांच्या मागे सुमनबाई उभ्या होत्या. पेशंट त्याच. (दोघांची नावं मी बदलली आहेत.) आष्टीच्या बाजारात या नवरा-बायकोची खानावळ आहे, बोर्डावर ठळक अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी'. सुमनबाईंना अचानक फिट आली, आमच्याकडे दाखल झाल्या, उपचार होऊन घरी गेल्या. कार्डावरचं इंग्रजी कळेना, म्हणून जेवायला येणाऱ्या एका गुरुजींना वाचायला दिलं. गुरुजींनी भर पंगतीत खणखणीत आवाजात अर्थ सांगितला: डुकराच्या मांसातून होणारा जंत. तेव्हापासून गिऱ्हाईक गळायला लागलं. कुणी म्हणे बाई चोरून खाते, कुणी म्हणे भाजीतच काहीतरी मिसळते.

"आमच्या घरात अंडं शिजत न्हाई अन् हे काय लिहून ठेवलंय?" दत्तरावांचा आवाज बाहेर कॅश काउंटरपर्यंत जात होता. सुमनबाई मात्र हळूच म्हणाल्या, "ताई, माझ्या हातचं लोक डोळे झाकून खायचे. आता घास घ्यायच्या आधी ताट निरखून राह्यले."

मला फार वाईट वाटलं. फाइल अजून कोडिंगला उघडलेलीच नव्हती, ती त्यांच्यासमोरच उघडली. कार्डावर ज्युनियर डॉक्टरांनी लिहिलं होतं, डुकराच्या पट्टकृमीचा संसर्ग. त्याचा कोड बी ६८. मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट मात्र वेगळंच सांगत होता. मेंदूत जंताच्या अळीची गाठ. तिचा कोड बी ६९.

जंत एकच, पण या दोन आजारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं की पट्टकृमी आतड्यात वाढतो. हा ६८. त्या माणसाच्या शौचावाटे जंताची अंडी बाहेर पडतात. न धुतलेल्या हातांनी किंवा भाजीवरून ती दुसऱ्याच्या पोटात गेली, तर अळी मेंदूपर्यंत पोचते आणि फिट येते. हा ६९. त्याला मांस लागतच नाही, काकडीची कोशिंबीर पुरते. वर ६८ वाल्याच्या हातचं खाऊन इतरांना धोका असतो, नुसत्या ६९ वाल्याकडून नसतो. म्हणजे सुमनबाईंची खानावळ त्या एका आकड्यावर अडली होती.

"मंग बदला ना जल्दी," दत्तराव म्हणाले.

मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी जे लिहिलं त्याचाच कोड लागतो. शंका आली तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. त्यातही उत्तर आपण सुचवायचं नाही, असा नियम आहे. मी लिहिलं: कार्ड आणि स्कॅन जुळत नाहीत, कृपया निदान स्पष्ट करावं. ते घेऊन मी मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे सरांच्या, ओपीडीत गेले.

"तुम्हाला काय वाटतं?" सरांनी विचारलं.

"मला वाटून चालत नाही, सर."

सर हसले, स्कॅन पाहिला, ज्युनियरला बोलावून चार शब्द सुनावले. मग म्हणाले की अंडी कुठून तरी आली असणार, तेव्हा घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी झाल्याशिवाय नवं कार्ड मिळणार नाही. घरात दोघंच. सुमनबाईंनी लगेच नमुना दिला. दत्तराव मात्र आपण कसे धडधाकट आहोत हे सांगत बसले. शेवटी बायकोनं डोळे वटारले तेव्हा गेले.

सुमनबाईंचा रिपोर्ट साफ आला. दत्तरावांच्या नमुन्यात अंडी सापडली, सोबत जंताचा तुकडाही. त्यावरून प्रकार कळला. डुकराचाच.

रिपोर्ट घेऊन ते एकटेच माझ्याकडे आले. आवाज पार खाली गेला होता. "भाजी घ्यायला जालन्याला आल्तो, दोस्तांनी पार्टी ठेवल्ती. मटण म्हणून खाल्लं मॅडम. कशाचं ते इचारलं न्हाई." आणि खानावळीत कोशिंबीर चिरायचं काम त्यांचंच होतं. दुसरा एखादा सभ्य कोड लावता येतो का, असं त्यांनी चाचरत विचारलं. मला हसू आवरेना, पण आवरलं. सर लिहितील तोच लागेल, म्हटलं. सरांनी त्यांना औषध दिलं आणि बजावलं की घरी स्वतः सांगायचं, अन् पुन्हा तपासणी साफ येईपर्यंत स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही.

आता घरात भांडी उडणार, असा माझा अंदाज होता. फक्त मेंदूतल्या गाठीचं, म्हणजे ६९ चं, निदान लिहिलेलं नवं कार्ड न्यायला सुमनबाई आल्या तेव्हा विचारलंच. त्यांनी कार्ड नीट घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "खाल्लं त्याचं काई न्हाई, ताई. कमीत कमी हात तरी धुवायचे."

नवं कार्ड गुरुजींनी पुन्हा भर पंगतीत वाचलं, आणि हळूहळू गिऱ्हाईक परत आलं. दत्तरावांची ड्यूटी आता बाहेर हात धुवायच्या नळापाशी आहे. साबण लावल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नाहीत म्हणे.

रजिस्टरला बी ६८ आहेच, दत्तरावांच्या नावावर. ज्युनियर डॉक्टरांनी पहिल्या दिवशी लिहिलेलं निदान त्या घरापुरतं अगदी बरोबर होतं, फक्त नवऱ्याचं बायकोच्या नावावर पडलं होतं.