सगळे पोचले का?

गिटार शिकवताना कॉर्ड बदलायची वेळ आली की ते उजवा तळवा तारांवर आडवा ठेवून आवाज बंद करत, वर्गाकडे पाहत आणि विचारत, "सगळे पोचले का?" शेवटच्या माणसाची बोटं जागेवर बसेपर्यंत गाणं तिथंच उभं राही. मग म्हणत, "चाला."

पांढरकवड्यात त्यांना सगळे सर म्हणत. नोकरी एका जिनिंग कारखान्यात, कापसाची प्रत ठरवण्याची. गिटार ते तरुणपणी हैदराबादला शिकले होते, म्हणजे तीन कॉर्ड शिकले होते. "तीन कॉर्ड आल्या की निम्मा सिनेमा आला," असं ते सांगत. उरलेल्या निम्म्याचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणत, "तो शिकाले नागपूरले जा लागते."

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, पाहुण्यांचा मात्र तोटा नव्हता. तुम्ही त्या काळी या भागात आला असाल, तर बहुधा शेतकरी आत्महत्यांची पाहणी करणाऱ्या एखाद्या समितीच्या गाडीतूनच. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. समित्यांची भाषणंही तीन कॉर्डांवर चालत: दुःख, घोषणा, आभार.

सरांचा वर्ग संध्याकाळी खताच्या गोदामाच्या माळ्यावर भरे. बँकेचे मॅनेजर, दातांचे एक डॉक्टर, दोन अधिकाऱ्यांच्या बायका आणि शोभाताई. शोभाताई जवळच्या गावच्या, घरी कापूस-तुरीची शेती. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि गिटार घरी ठेवून गेला. "पडून होतं. वाया कायले जाऊ द्याचं?" एवढंच त्यांचं संगीताशी नातं.

तारांनी इतरांची बोटं सोलून निघत. मॅनेजर दर गाण्यानंतर बोटांवर फुंकर मारत बसत. शोभाताईंची बोटं कापूस वेचून इतकी घट्ट झाली होती की तार त्यांना बोचतच नसे. पण ती वळत नसत. डी कॉर्डवरून जी कॉर्डवर येईपर्यंत बाकीच्यांच्या गावभरच्या गप्पा उरकत.

"आल्या का ताई?"

"येऊन राह्यलो ना सर. रस्ता खराब आहे."

गोदामाच्या मालकाने दसऱ्यापर्यंत माळा खाली करायला सांगितला. तालुक्याच्या कचेरीमागे एक हॉल नवा बांधून कुलूप लावून ठेवला होता. सरांनी तो आठवड्यातून तीन संध्याकाळी मागितला. कचेरीतल्या साहेबांनी त्यांना चहा पाजला. पोळ्यानंतर मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते, शेतकऱ्यांसाठी 'ताणमुक्तीचे सूर' हा कार्यक्रम ठरला होता आणि पाहुण्यांना गाण्याची आवड होती. ते गातील, सरांच्या वर्गाने साथ करावी. पाहुणे खूश झाले, तर हॉल सरांचाच.

तालमीला साहेब स्वतः आले आणि दुसऱ्या ओळीलाच शोभाताईंची बोटं पाहून अस्वस्थ झाले. "सर, त्या बाईंना खाली प्रेक्षकांत बसवा."

"कार्यक्रम शेतकऱ्यायसाठीच आहे ना साहेब?" सर म्हणाले. "मंग एखादा वरतं असू द्या."

कार्यक्रमाची प्रेसनोट मला आदल्या दिवशीच मिळाली होती. तीत 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहिलं होतं.

मंडपात गावोगावहून जीपने आणलेली माणसं सकाळपासून बसली होती. दुपारी पाहुण्यांनी माइक हातात घेऊन डोळे मिटले आणि एक जुनं प्रेमगीत सुरू केलं. पहिली ओळ बरी गेली. कॉर्ड बदलायची वेळ आली आणि सगळ्या वर्गाने सवयीप्रमाणे तारांवर तळवे ठेवले. त्यांच्या लेखी ते थांबणं गाण्यातलंच होतं. पाहुणे एकटेच पुढे गेले. डोळे उघडून त्यांनी मागे पाहिलं, परत आले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

साहेब मंचाच्या कडेला येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "सर, पुढे चला! त्या बाईंना सोडा!"

सरांनी साहेबांकडे पाहिलं. मग शोभाताईंकडे. त्यांचं तिसरं बोट अजून हवेत होतं. सरांच्या पुढ्यातही माइक होता आणि तो चालू होता. त्यांनी तळवा तारांवरून हलवला नाही. "सगळे पोचले का?"

मागच्या रांगेतून उत्तर आलं, "आमी तं कवाचेच पोचलो! जेवण कवा हाय?"

अख्खा मंडप हसला. प्रेसनोट खरी ठरल्याचं मी माझ्या कारकिर्दीत त्याच दिवशी पाहिलं. हसत नव्हते ते फक्त पाहुणे आणि साहेब. ते गाणं पुढे पूर्ण झालंच नाही. आभार मात्र झाले.

आठवड्याने साहेबांनी कळवलं की हॉल तत्त्वतः मंजूर आहे. कुलूप निघालं नाही. दसऱ्याला हमाल माळ्यावर पोती चढवू लागले, तेव्हा वर्ग जिन्याशी सरकला आणि मग बंद झाला. हंगामानंतर जिनिंगनेही माणसं कमी केली. सर आदिलाबादकडे कामाला गेले.

जाण्याआधी मी त्यांना विचारलं होतं, "एक कडवं पुढे गेले असते, तर हॉल मिळाला नसता का?"

"मिळाला असता ना. पण मंग तिथं शोभाताईले कोणत्या तोंडानं बोलावलं असतं?"

पुढच्या वर्षी आठवडी बाजारात शोभाताई भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी सरांची खबर विचारली. मला काही ठाऊक नव्हतं. गिटार वाजवता का, असं मी विचारलं.

"वाजवतो ना. आता तं डीवरून जीवर पटकन येतो."

"मग जमलं की."

"जमलं," त्या म्हणाल्या. "थांबणारं कोणी राह्यलं नाही ना."